आरसा उतरेपर्यंत

बेंबळीच्या स्टँडवर एसटी चालू होऊन उभी होती आणि आई माझ्या डोक्यात तेल चोळत होती. घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल. "तिकडं कोण लावणारंय?" एवढंच म्हणाली. माझ्या यादीत दाखले, ट्रंक, सोलापूरहून बंगळूरची गाडी असं सगळं होतं. हे नव्हतं.

बंगळुरात तेल पहिल्याच आठवड्यात सुटलं. आम्ही अतिनील किरणांत तारे पाहणारी दुर्बीण बांधत होतो. हे किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहातून वर पाठवायची आणि काम झालं की बंद पेटीतून पॅराशूटनं समुद्रात उतरवून परत आणायची. तिच्या आरशावर तेलाची वाफ बसली तर डोळ्यांना दिसत नाही, पण किरण तिथंच मरतात. म्हणून दुर्बीण जोडायच्या खोलीच्या दारावर यादी असायची: तेल, पावडर, अत्तर, काजळ बंद. पुढं ती यादी मीच ठेवू लागले.

सुट्टीला गेले की आई केसांवरून हात फिरवायची, "चिपाडं झालीत गं" म्हणायची आणि बाटली परत फळीवर ठेवायची.

उपग्रह वर गेला त्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. फोनवर म्हणाली, "तुमचं ते वर गेलेलं कवा खाली येणार ते ठरलंय. मग तुझंच का ठरत न्हाय?"

तो उतरला की दुसऱ्या दिवशी निघते, असं मी सांगितलं. वहीतही तसंच लिहिलं: एक, उतरवणे. दोन, बेंबळी. समुद्र खवळलेला, म्हणून उतरवणं तीनदा पुढं गेलं. माझ्यावाचून काही अडलं नसतं. पेटी उघडायला दुसरे दोघं होते. पण लिहिलेला क्रम मोडायची मला सवय नव्हती. चौथ्यांदा उतरला. पेटी बोटीवर चढत होती तेव्हा वहिनीचा फोन आला.

मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. वहिनीनं बाटली हातात दिली.

"रोज इचारायच्या, ताई. तिला आता तेल चालतंय का म्हणून. म्या काय सांगणार?"

सोमवारी आरसा तपासायचा होता. मी टोपण घट्ट लावलं आणि बाटली पिशवीत टाकली.

आरसा लख्ख निघाला. कुठंच डाग नाही.

मागं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना सांगायचं ते इतकंच. ते काम संपलं, आता मला कशाची बंदी नाही. तेल मात्र कधीच खवट झालंय. बेंबळीला गेले की घर झाडते, भांडी लावते, फळी पुसते. तिच्यावर बाटलीच्या बुडाचा गोल तेलकट डाग आहे. तेवढा सोडून पुसते.