चिनी डोहाळे

आमच्याकडं मटण शिजतं ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. डुकराचं तर नावही घरात काढायचं नाही, हा माझा कायदा. पन्नाशीतली मी म्हणजे पुंडलिकनगरची सुभेदारच होते. फक्त कुणी नेमलेलं नव्हतं.

धाकटी सून कलकत्त्याची. तिच्या माहेरी शेजार चिनी. त्यांच्याकडून तिची आई निखाऱ्यावरचं गोड-खारट डुकराचं मटण शिकलेली. सुनेला तिसरा महिना लागला आणि पोटात पाणी ठरेना. पोरगी नुसती वाळत चालली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही खाऊ दे, पण खाऊ दे." पोरीनं मान खाली घालून नेमकं तेच मागितलं. "अंगणात कर," एवढं म्हणून मी अब्रू राखली.

मुलानं पडेगावच्या रस्त्यावरून मटण आणलं. सकाळीच तिनं त्याच्या लांब पट्ट्या सोया सॉस, मध, लसूण आणि चक्रफुलाच्या पुडीत मुरत घातल्या आणि जरा पडली. दुपारी मी झाकण उघडलं, तर मटण काळं ठिक्कर! वाटलं, पोरीला धुवायचंही त्राण राहिलं नाही. मग काय, मी शहाणी! हळद-मीठ चोळून तीन पाण्यांनी लख्ख धुतलं.

ती उठून आली. "आई, मसाला कुठं गेला?"

"कसला मसाला? लई घाण होती, काढली."

ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

सॉस थोडा उरला होता, मध संपलेला. मी गुळाचा पाक केला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून तो शेगडीवर उभा केला, वर सळई आडवी टाकून तारेनं पट्ट्या टांगल्या. ती डोळे पुसत सांगायची, मी पाक लावायची.

"आई, जळतंय!"

"जळू दे बाई, इथं धुरात मी पण जळतेय."

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "काकू, वास भारी सुटलाय! कशाचा हो?"

"गुळाचा!" म्हटलं. खोटं थोडंच होतं?

दिवेलागणीला ती भाकरी घेऊन बसली. उलटी झालीच तर म्हणून मी तांब्या धरून समोर उभी. एक तुकडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"माझ्या आईसारखं नाही झालं," ती म्हणाली.

"मग राहू दे. बळंच नको खाऊ."

मी ताट उचलायला वाकले, तर तिनं ते दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढलं.