टॉवरमागचा चंद्र

ठाण्यातल्या माजिवड्याच्या मेघाली मढवी शाळेत मुलांना विज्ञान शिकवतात आणि घरी सासूला. दुसरं काम जास्त अवघड.

त्यांना मंडळाचा हॉल हवा होता, दर शनिवारी, मुलांना आकाश दाखवायला. हॉलमध्ये कसलं आकाश, असं अध्यक्ष दामाजींनी विचारलं. बाईंनी लॅपटॉपवर आकाश दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर शनी आला तसे दामाजी चपला काढून उभे राहिले. पण हॉलवर कॅरमवाल्यांचाही डोळा होता. वहिनी म्हणेल तसं, असं सांगून ते सुटले. वहिनी म्हणजे मेघालींच्या सासूबाई, बायजाबाई.

बायजाबाई संकष्टीला चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घेत नाहीत. पूर्वी तो घरच्या शेतावर उगवायचा. शेत बिल्डरला दिलं, टॉवर उठले आणि चंद्र त्यांच्यामागे तासभर अडकू लागला. जमिनीबरोबर चंद्रही गेल्याचं करारात कुणी वाचलंच नव्हतं.

मेघालींनी छाती ठोकून सांगितलं, टॉवरमागचा चंद्र हॉलमध्ये दाखवते. संकष्टीच्या रात्री उपाशी बायका मोदक झाकून जमल्या. पडदा उजळला आणि रात्रीच्या वेळी त्यावर लख्ख ऊन पडलं. सॉफ्टवेअरमध्ये मुळातच युरोपातलं कुठलंसं शहर घातलेलं होतं, ते बदलून ठाणे करायचं बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मेघाली,” बायजाबाई शांतपणे म्हणाल्या, “तुज्या चांदाला सांग, आमी माजिवड्यान उपाशी बसलो हाव.”

बायका हसून हसून भूक विसरल्या. दामाजींनी कॅरमची पावडर मागवली.

मेघाली हटल्या नाहीत. शाळा सुटली की हॉलच्या गच्चीवर जाऊन त्या मोबाईलने चौफेर फोटो काढू लागल्या. ते सॉफ्टवेअरला जोडले. पहिल्यांदा टॉवर पश्चिमेला गेले, दुसऱ्यांदा उलटे लटकले. शेवटी सगळं जागच्या जागी बसलं, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गाऊनसकट. मग पुढच्या संकष्टीचं आकाश त्यांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी बसलं तर दोन टॉवरांमधल्या फटीतून चंद्र थोडा वेळ दिसणार होता.

त्या संकष्टीला रात्री त्यांनी टाकीपाशी खुर्ची मांडली आणि सासूबाईंसह सगळ्या बायकांना बोलावलं. बायजाबाईंनी गुडघ्यांची सबब सांगितली, मग विचारलं, “आन नाय आला तर?”

“तर हॉल कॅरमला. मी पुन्हा मागणार नाही.”

हे गंमत बघायला आलेल्या दामाजींनीही ऐकलं. बायजाबाई एकेक पायरी चढून आल्या. बायका फटीकडे बघत राहिल्या. आधी टॉवरची कड पिवळी झाली, मग चंद्राचा कलिंगडाच्या फोडीएवढा तुकडा फटीत आला.

बायजाबाईंनी हात जोडले आणि ताट मागितलं. अर्धा मोदक संपल्यावर म्हणाल्या, “दामाजी, शनवारचा हॉल हिला दे. आन ही खुर्ची हितनं हलवू नको.”

“हलवावी लागेल, आई,” मेघाली म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात चंद्र दुसरीकडून येणार. खुर्ची कुठे ठेवायची, ते शनिवारी मुलं शोधतील.”