बांधावरची कर्टुली

"ओटी झाड," मालकीण म्हणाली.

शिरपूरकडचं शेत. कपाशीची निंदणी चाललेली. भाकरीच्या सुट्टीत बांधावरच्या बोरीवर चढलेल्या वेलाची थोडी कवळी कर्टुली तोडून मी लुगड्याच्या ओटीत घेतली होती. बाया बघत होत्या.

मी म्हटलं, "अक्का, हाई त रानमा उगस. कोनी लावेल नई."

"बांध आमना शे. त्यावरलं बठ्ठं आमनं शे. झाड."

झाडली. कर्टुली मातीत. तिनं ती उचललीसुद्धा नाहीत, चपलेनं बाजूला सारली. मागून एक बाई फिसकन हसली, "इले डोहाळा लागना व्हई." मी मान खाली घातली, खुरपं उचललं.

मग किती वर्षं मी दिवस मावळताना जायची. चोरासारखी. पानाआड कर्टुलं दिसायच्या आधी माणूस दिसतंय का ते बघायची. तरी मायनं शिकवलेलं मोडलं नाही. ओळख नाही त्या पाल्याला हात लावायचा नाही. फवारा मारलेल्या बांधावरचं घ्यायचं नाही. थोडी वेलावर पिकू द्यायची. कंद कधी उपटायचा नाही, पुढच्या पावसाळ्यात वेल त्यातूनच फुटतो.

आता त्याच बांधावर जळगावहून गाड्या येतात. मालकिणीच्या सुनेनं रानभाजीची सहल सुरू केली आहे. टोप्या घातलेल्या बाया वेल ओढतात, फोटो काढतात, कुंडीत लावायला कंदासकट उपटून नेतात. सून म्हणते, "घ्या ना, आपलंच आहे."

खरं सांगते, परवा निंदताना ते बघून माझ्या पोटात दुखलं. भाजीसाठी नाही. त्यांच्या हातांचा हेवा वाटला. काय निर्धास्त हात ते. तोडताना एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. ऐन तरुणपणात असे हात मला का मिळाले नाहीत?

गाड्या गेल्या. मी खुरपं घेऊन बसले, उरलेल्या एका वेलाच्या बुडाशी उकरायला लागले. म्हटलं, एकदा आपणही लुटून बघू. बोटाला कंद लागला. तिथंच थांबले. मला त्यांच्यासारखं निर्धास्त व्हायचं होतं, त्यांच्यासारखं ओरबाडायचं नव्हतं. माती परत लोटली.

तेवढ्यात सून आली. "अक्का, उद्याच्या सहलीत तुम्ही पुढं चाला ना. लुगडं नेसूनच या, फोटो छान येतात."

"येणार नाही," मी म्हटलं. "आणि सासूला सांग, आता आम्ही बाया भर दुपारी येऊ. विचारणार नाही."

"अहो, बांध आमचा आहे."

"राहू दे तुमचा. मी काय बांध उचलून नेते?"

हेवा गेलेला नाही. जायला नको. तोच मला भर उन्हात तिथं उभी करतो. बरोबरच्या बायांना सांगून ठेवलं आहे: कंदाला हात लावायचा नाही, आणि कुणी हटकलं तर वेलावरचा हात काढायचा नाही.