खालच्या पट्टीतलं गोल चित्र

महादीनच्या उजव्या हाताची दोन बोटं इंजिनाच्या पट्ट्यात गेली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्यानंतर होडीवरचं काम सुटलं आणि बेटाच्या धक्क्यावर कारकुनाची नोकरी लागली. काम साधं, पण जोखमीचं. रोज सकाळी समुद्राचा अंदाज बघायचा आणि काठीवर झेंडा चढवायचा. हिरवा चढला की होड्या सुटायच्या, लाल असला की थांबायच्या. रियाऊ बेटांच्या त्या टोकाला, उत्तरेचा वारा सुरू झाला की, या झेंड्यावर माणसांचे जीव अवलंबून असत. हे महादीनला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ एका स्वच्छ सकाळी मासेमारीला निघाला होता. महादीननं स्वतः आभाळ बघून त्याला "जा खुशाल" म्हटलं होतं. तो परत आला नाही.

तेव्हापासून महादीन आभाळावर विसंबला नाही. आधी रेडिओवरच्या बातम्या ऐकायचा. मग रेडिओवरचा अंदाज बंद झाला आणि कचेरीत संगणक आला. बसवणाऱ्यानं सगळी जुळणी करून दिली होती. पडद्यावर दुसऱ्या ओळीतलं तिसरं गोल चित्र दोनदा दाबलं की हवामानाचं पान आपोआप उघडायचं. महादीन माउस डाव्या हातात धरायचा आणि तेवढंच करायचं शिकला. त्या चित्राला ब्राउझर म्हणतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवून त्यानं काम रेटलं. बेटावरचे लोक मात्र त्याला मोठा जाणकार समजत. "पाक लोंगना संगणकातला समुद्र दिसतो," म्हणत. पाक लोंग म्हणजे थोरले काका. अख्खं बेट त्याला त्याच नावानं हाक मारी.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यानं संगणक सुरू केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा कोरा होता. नुसतं निळं चित्र, बाकी काही नाही. आदल्या दिवशी मुख्य कचेरीतला माणूस येऊन "फार कचरा साठलाय" म्हणत सगळं साफ करून गेला होता. महादीनला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलंय. त्यानं माउस फिरवला, इथं दाबलं, तिथं दाबलं. कुठंच काही उघडेना. मोबाईलचा टॉवर दोन दिवसांपासून बंद होता; कचेरीचा संगणक तेवढा छतावरच्या तबकडीवर चालायचा. समोरच्या बेटाशी बोलायला बिनतारी संच होता, पण तिथला कारकून नऊशिवाय यायचा नाही.

बाहेर तर वरात ताटकळत उभी होती. नवऱ्या मुलाकडची वीस-बावीस माणसं, रंगवलेल्या अंड्यांच्या परड्या, पिवळ्या भाताची पातेली, केवड्याच्या हारांचे डबे. समोरच्या बेटावर दुपारच्या आत पोचायचं होतं. तांडेल अतान इंजिन तापवून बसला होता.

"पाक लोंग, झेंडा कधी?" त्यानं खालून हाक मारली.

"बघतोय."

"अहो, आभाळ आरशासारखं आहे. कशाला बघत बसताय?"

महादीननं बाहेर डोकावून पाहिलं. आभाळ खरंच आरशासारखं होतं. हिरवा झेंडा चढवला असता तर कुणी विचारलंही नसतं. त्याचा हात दोरीपर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला.

तेवढ्यात जिना धाडधाड वाजला. नवऱ्या मुलाची आत्या, शाळेतल्या युसनीदारबाई, वर आल्या. त्यांचा आवाज चार वर्गांपलीकडे जायचा.

"पाक लोंग, मुलीकडचे काय म्हणतील? नवरा पळाला म्हणतील! अर्धा तास झाला. तुम्ही करताय तरी काय?"

महादीन उठून उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं, संगणक बिघडलाय असं ठोकून द्यावं. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"बाई, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"हे. एक गोल चित्र होतं. ते दाबलं की समुद्र दिसायचा. आज ते नाही. त्याखेरीज मला यातलं ओ का ठो कळत नाही. सहा वर्षांत कधी कळलं नाही. पण बघितल्याशिवाय मी झेंडा चढवणार नाही. हवं तर शिव्या द्या."

हातातली अंड्यांची परडी बाईंनी टेबलावर ठेवली.

"सरका," त्या म्हणाल्या, पण आता आवाज खाली आला होता. "माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. मुख्याध्यापकांसमोर रडले होते मी. कुणाला सांगू नका."

त्यांनी कोपऱ्यातलं खिडकीचं चिन्ह दाबलं, दोन अक्षरं टाइप केली, आणि यादीत ते गोल चित्र हजर! महादीनला गर्दीत हरवलेलं पोर सापडल्यासारखं झालं. चित्र दाबताच रंगीत नकाशा पसरला. नकाशा वाचण्यात मात्र त्याला कुणाची मदत लागत नसे. तो वाकला.

"साडेदहापर्यंत लाटा अर्ध्या मीटरच्या. अकरानंतर तीन. वादळी वारा." त्यानं घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी होते. "दोन तासांची वाट. आत्ता निघालात तर पोचाल. पण आज परतायचं नाही. रात्री तिकडंच राहायचं. कबूल?"

"कबूल. लग्नघरात कोण उपाशी ठेवतंय! पण थांबा, उद्या परत शोधत बसाल." बाईंनी चित्रावर बोट ठेवलं. "याला खालच्या पट्टीत अडकवून ठेवायचं. टास्कबार म्हणतात तिला. वरचा पडदा कुणी कितीही पुसला तरी पट्टीतलं तिथंच राहतं. उजवं बटण दाबा."

उजवं बटण महादीनच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाखाली येई. भीतीनं त्यानं ते बोट कायम अधांतरी धरलेलं. आज टेकवलं. एक छोटी यादी उघडली. बाईंनी दाखवलेली ओळ त्यानं दाबली, आणि पडद्याच्या तळाशी गोल चित्र जाऊन बसलं.

"आता मी काढते. तुम्ही एकट्यानं लावा."

"बाई, वरात..."

"लावा म्हटलं ना!"

खालून अतान ओरडला, "काय चाललंय वर?"

नवऱ्या मुलाचा मामा जिन्यात डोकावून म्हणाला, "काही नाही, वरात धक्क्यावर आणि मास्तरीणबाईंनी शाळा भरवलीय!"

सगळे हसले. महादीननं कोपऱ्यातली खिडकी दाबली, एका बोटानं दोन अक्षरं शोधून टाइप केली, उजवं बटण, मग ती ओळ. चित्र परत खाली येऊन बसलं. तोही हसला.

हिरवा झेंडा चढला आणि होडी सुटली. बाईंची परडी वरच राहिली होती. ती द्यायला महादीन जिना उतरून धावला आणि मामानं ती होडीतून हात लांबवून झेलली. एक अंडं पाण्यात गेलंच.

पुढचे दोन तास त्यानं चहाला हात लावला नाही. दर दहा मिनिटांनी खालचं चित्र दाबून तो नकाशा बघत राहिला. दहाला चार मिनिटं कमी असताना बिनतारी संच खरखरला. समोरच्या कारकुनाचा आवाज आला, "तुमची वरात पोचली हो! एक बाई विचारतायत, धडा पाठ झाला का?"

महादीनचा जीव भांड्यात पडला. "झाला म्हणावं," तो म्हणाला. मग गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला.

अकराच्या सुमाराला उत्तरेकडून काळोख चढला आणि वाऱ्यानं धक्क्याचे पत्रे वाजवायला सुरुवात केली. तोवर महादीननं लाल झेंडा चढवून सगळ्या होड्या आत घेतल्या होत्या. दुपारी घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, न येणाऱ्या गोष्टीसकट. ती माशाचं कालवण वाढत म्हणाली, "मला काय, पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. झोपेत तुम्ही 'दुसरी ओळ, तिसरं' म्हणत असता."

तो पोटभर जेवला आणि बाहेर पाऊस झोडपत असताना चटईवर आडवा होऊन गाढ झोपला.