महावेलीचं पाणी कोलंबोला

नदी करायला सांगितली होती आणि मी किल्ला करून ठेवला, आता काय म्हणायचं! नातीला शुक्रवारी शाळेत एका नदीचं मॉडेल न्यायचं होतं, तेही खरं पाणी वाहणारं. तिची मैत्रीण श्रीलंकेची, म्हणून हिनं नदी निवडली महावेली. आपली मुळा-मुठा काय वाईट होती? पण ऐकतंय कोण!

"आजी, कॅन यू मेक इट?"

"अगं, जन्मभर दिवाळीत किल्ले केलेत मी!"

इथं परदेशात आमच्या घराजवळच्या सँडरिंगहॅम भागातल्या देशी दुकानातून तांदळाचं रिकामं तागाचं पोतं मागून आणलं. फळीवर दगड रचले, पोतं पसरलं, वर परसातल्या चिकट मातीचा लेप दिला. हात सवयीनंच चालतात हो. कडे ताशीव, माथा सपाट, वर अळीव पेरले. आठवड्यात हिरवंगार झालं. मुलगा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणतो, "आई, बुरूज राहिला बघ." चेष्टा करायला वेळ आहे, मदतीला नाही.

गुरुवारी दुपारी माथ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते डावीकडच्या कड्यावरून धपकन खाली!

"आजी, दॅट्स कोलंबो!" नात नकाशा नाचवत ओरडली. "इट हॅज टू गो टू त्रिंकोमाली!"

म्हणजे पार दुसऱ्या किनाऱ्याला, ईशान्येला. बोटानं चर काढला, पुन्हा ओतलं. पुन्हा कोलंबो. तिसऱ्यांदा तर अर्धा कडाच घेऊन गेलं.

"काय बाई ही नदी! समुद्र हाताशी आहे, तर हिला बेटभर हिंडायचंय!"

नातीचे डोळे भरले. उद्या वर्गात सगळ्यांच्या नद्या वाहणार आणि हिचीच नाही.

तेवढ्यात खेळायला आलेल्या त्या मैत्रिणीला न्यायला तिची आजी आली. मूळची कँडीची. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो. डोंगराकडे बघून म्हणाली, "छान आहे हो, पण आमच्या नदीला उड्या मारायला का शिकवताय? ती आधी वर उत्तरेला जाते, कँडीला वळसा घालते, मग पूर्वेला वळते, मग पुन्हा उत्तरेला. पश्चिमेला डोंगर उंच हवा. इकडे उतार, अगदी सावकाश."

"म्हणजे माझा किल्ला मोडायचा?"

"मोडायचाच," म्हणाली, आणि बाह्या सरसावून बसलीसुद्धा!

अळिवासकट सगळं उपसलं. आठवड्याची मेहनत! दोन तास आम्ही दोघी चिखलात, आणि पोरी नकाशा धरून हुकूम सोडतायत. शेवटी नातीनं स्वतः पाणी ओतलं. कँडीपाशी ते असं रेंगाळलं, की वाटलं आता तिथंच मुक्काम. नात बोट धरून चालवल्यासारखी त्याच्याबरोबर सरकत होती, "चल ना, चल ना," चक्क मराठीत. वळलं, उतरलं, आणि ट्रेमधल्या समुद्रात टपकलं. एवढ्या वेळात मी बसनं शहराच्या पार दुसऱ्या भागात, न्यू लिनला जाऊन आले असते.

संध्याकाळी मुलगा खोलीतून बाहेर आला. "आई, किल्ला कुठे गेला?"

"त्रिंकोमालीला," म्हटलं. "आता फळी उचल आणि गाडीत ठेव. वाकडी करू नकोस, नाहीतर परत कोलंबोला जाईल."