चौदावी आवृत्ती

चहा घ्या आधी. कारण मी काय करून बसलोय ते ऐकलंत, तर यापुढे माझ्याकडून पुस्तक सोडा, वर्तमानपत्रसुद्धा मागणार नाही तुम्ही!

मी गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीच्या वाचनालयाचा कार्यवाह. "हे आवडलं? मग ते न्या!" असं छातीठोकपणे सांगायचं, हे माझं काम. सगळी पुस्तकं वाचतो का? अहो, मलपृष्ठ कशासाठी असतं? न वाचता सुचवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या शहरात सापडायचा नाही.

पण आमची ऋतुजा! कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोटच्या पोरीनं माझ्याकडून एक पुस्तक नेलं असेल तर शपथ. ती वाचते जपानी चित्रकथा. मांगा म्हणतात त्यांना. त्याच गोष्टी पडद्यावर आल्या की ॲनिमे. दर रविवारी तिची मित्रमंडळी छावणी भागातल्या नाझनीनच्या गच्चीवर जमतात आणि "हे बघितलंस? मग तेही बघ" असं तासन् तास चालतं. म्हणजे माझंच काम! आणि मलाच बोलावणं नाही?

खरं सांगतो, मला लागलं होतं ते. दिवसभरात लेक माझ्याशी "जेवलात का" एवढंच बोलायची.

शेवटी हट्टच धरला. "या पप्पा," ती म्हणाली, "पण गप बसा."

गप? मी? मी तयारीच केली! तिच्या कपाटात तीन कोरे मांगा होते, प्लास्टिकच्या वेष्टनात. अलगद सोडवले. एक तलवारबाजाचा, एक आचाऱ्याचा, एक भुतं पकडणाऱ्याचा. पाठीवर आकडे: चौदा, बावीस, नऊ. म्हटलं, वा! चौदावी आवृत्ती! आपल्याकडं दुसरी निघाली तरी लेखक पेढे वाटतो.

उघडल्या उघडल्या इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'थांबा' की काय लिहिलं होतं. कॉपीराइटची धमकी असणार, म्हणून पान उलटलं. तर काय, सुरुवातीलाच तलवारबाज मेलेला! मग हळूहळू त्याच्या जखमा भरतात, मग लढाई, मग लढाईचं कारण. माणसं आधी उत्तर देतात, प्रश्न नंतर येतो. आमच्या कार्यकारिणीच्या सभेत हेच चालतं, त्यामुळं मला काही वावगं वाटलं नाही. बाकीचे दोन्ही त्याच थाटाचे. वेष्टनं पुन्हा चढवून जागच्या जागी ठेवले.

रविवारी गच्चीवर गेलो. ऋतुजानं ते तिन्ही पिशवीत घेतलेच होते. सिल्लोडचा अक्षय, गरीब बिचारा, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "काका, तलवारबाजाची सिरीज आज संपायली. तशीच दुसरी एखादी सांगा की."

"सांगतो ना! नायक आधीच मरतो, हा प्रकार आवडत असेल तर आचाऱ्याची घे. तिथं पहिल्या पानावरच हॉटेल जळतं. आणि भुतंवाल्यात तर उघडल्या उघडल्या कळतं, त्याची बहीणच भूत!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, छाप पडली.

"मरतो म्हंजी?" अक्षय उठून उभा राहिला. "कोण मरतो, काका?"

"तलवारबाज! पण तू घाबरू नको. पुढं उठतो तो. चांगला ठणठणीत होतो!"

नाझनीननं पिशवीतलं पुस्तक काढलं. सैल वेष्टनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुस्तक उजव्या बाजूनं उघडलं. "अंकल, ये इधर से पढते. आमच्या उर्दूसारखं. तुम्ही शेवटाकडून वाचलं."

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. ते आकडे आवृत्तीचे नव्हतेच, खंडांचे होते. तिन्ही शेवटचे खंड! या मंडळींचा नियम असा, की शेवटचा खंड कुणी एकट्यानं वाचायचा नाही, सगळ्यांनी मिळून उघडायचा. तोवर तो सांभाळायचा सगळ्यांत भरवशाच्या माणसानं. म्हणजे आमच्या ऋतुजानं.

"अकरावीपासून वाचायलो मी हे," अक्षय भिंतीकडं बघत म्हणाला. "बहीण बी भूत हाय म्हणा."

ऋतुजा उठली. मला स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाली. छावणीपासून गारखेड्यापर्यंत मी तिच्या पाठीकडं बघत होतो. घराजवळ आल्यावर तीच म्हणाली, "पप्पा, एक गोष्ट सुचवू?"

मी हरखलो! "सुचव की!"

"एक माणूस असतो. त्याला काही माहीत नसतं, तरी तो सगळ्यांना सुचवत सुटतो."

"वा! माझ्याच आवडीची दिसते. शेवट काय?"

तिनं फाटकापाशी ब्रेक मारला. "शेवटी पोरगी त्याला घरी सोडते अन् परत गच्चीवर जाते."

आणि गेलीसुद्धा! मी फाटकात उभा. तीन मालिकांचे शेवट मला आधीच कळले होते. माझा तेवढा शेवटी कळला.