कप्तानाच्या बायकोला मेणबत्ती

बातमी आली तेव्हा माझ्या हातात माइक होता. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याखाली पंचवीस माणसांना मी जुन्या मठातले साधू कसे राहायचे ते सांगत होतो. मनोऱ्याचे पडलेले मजले मी तोंडाने बांधतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी अलिबागहून अशी मठ-चर्चची सहल नेतो. इतिहास बेताचाच येतो, पण तीस वर्षं भूगोल शिकवल्याने न अडखळता थापा मारता येतात. फोनवर कोर्लईचे फादर होते. "मास्तर, लॉरेन्स गेला." मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि साधूंना जेवायला बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या...

लॉरेन्स कोर्लईच्या चर्चची घंटा वाजवायचा, दारं उघडायचा. सहलीचा शेवटचा थांबा त्याचा. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबरात, आमची बस तिथे पंक्चर झाली. कंटाळलेल्या लोकांना मी मागच्या दफनभूमीत नेलं. कोपऱ्यात एक लाकडी क्रूस होता, खाऱ्या हवेने नाव खाल्लेला. मी ठोकून दिलं की ही पोर्तुगीज कप्तानाची बायको. नवरा जहाजावर गेला तो आलाच नाही, ही वाट बघत मेली. इथे मेणबत्ती लावली की लांब गेलेलं माणूस घरी येतं. बायकांचे डोळे भरून आले. लॉरेन्स दारात उभा राहून ऐकत होता. तो आत गेला आणि मेणबत्त्या घेऊन आला.

दोन वर्षं मी तो कप्तान पोसला. त्याला पिळदार मिशी दिली, जहाजाला नाव दिलं. एका रविवारी लोक बसकडे गेल्यावर लॉरेन्स थडग्यावरचं मेण सुरीने खरवडून बिस्किटांच्या डब्यात भरत होता. घरी वितळवून तो त्याच मेणाच्या नव्या मेणबत्त्या करायचा. मी सहज म्हणालो, या बाईचं खरं नाव काय असेल कोण जाणे.

"रोझी," तो म्हणाला. "माझी बायको हाय ती, मास्तर."

मी शेजारच्या थडग्यावर बसलो. ते कुणाचं, हे विचारायची हिंमत झाली नाही. मग तो सांगत गेला. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाआधी प्रत्येक घर आपापल्या क्रूसावरचं नाव नव्याने रंगवतं. त्या वर्षी यानेही ब्रश भिजवला होता, पण माझी थाप ऐकून तो धुऊन ठेवला. पुढच्या वर्षी हातच लावला नाही. मी म्हणालो, पुढच्या रविवारी सगळ्यांना खरं सांगतो.

"न्हाय. मी एक मेणबत्ती लावायचो, ती पण वारा विझवायचा. तुमच्या थापेनं दर आठवड्याला वीस पेटतात. नाव लिवलं तर तुमचा कप्तान मरंल. मग तिच्याकडं कोन बघंल?" सुरी पुसत म्हणाला, "फक्त त्याला जरा म्हातारा करा. तिला माझ्यापेक्षा देखना नवरा नको."

मी केला नाही. तरुण कप्तानावर बायका जास्त रडायच्या.

आम्ही शेवटचे भेटलो ते अलिबागच्या दवाखान्यात. त्याने एवढंच मागितलं, की त्याला रोझीच्याच थडग्यात ठेवतील तेव्हा त्याचंही नाव घालू देऊ नये. मी शब्द दिला, आणि पुरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोडला. मला गहिवर आला होता. काळा रंग आणून फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात दोघांची नावं काढली आणि रविवारी सगळं खरं सांगितलं. लोकांनी सभ्यपणे ऐकलं. मेणबत्त्यांचा डबा फिरवला, तेव्हा एका बाईंनी मेणबत्ती उचलली, क्रूसावरची नावं वाचली आणि परत ठेवली. "ते कप्तानाच्या बायकोचं कुठंय?" एकाने विचारलं. दुसऱ्याने मुतारी विचारली. सगळे गेल्यावर मी एक मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझवली.

सोमवारी टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन एकटाच गेलो. लॉरेन्सचं नाव पटकन निघालं. रोझीचं लाकडात मुरलं होतं. बराच वेळ घासलं...

आता मी सांगतो की कप्तान अखेर परत आला आणि तिच्याशेजारीच झोपला. लोक पूर्वीपेक्षा जास्त रडतात. फादरांनी दिलेला लॉरेन्सचा तो बिस्किटांचा डबा आमच्या ओट्यावर असतो. शनिवारी मी मेण वितळवतो. माझ्या मेणबत्त्या वाकड्या होतात, पण पेटतात. आणि कप्तान आता म्हातारा आहे. मिशी काढलीय. दिसायला बेताचाच.